दहा मिनिटांचा इतिहास

परीक्षा जितकी जुनी, तितकीच तिच्यांतील चोरीहि जुनी. चीन देशांत राजसेवेच्या परीक्षा सुमारें १३०० वर्षें चालून १९०५ सालीं बंद झाल्या. त्यांचे कांहीं उमेदवार अंगवस्त्रांवर सबंध ग्रंथ सूक्ष्माक्षरांत उतरवून नेत, आणि दारावर त्यांची झडती होई. आपल्याकडे मुंबई विश्वविद्यालयाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली, न्या. रानडे व डॉ. भांडारकर तींतच उत्तीर्ण झाले. पुढें शंभरावर वर्षें चुकार विद्यार्थ्याचें शस्त्र एकच राहिलें, तें म्हणजे कागदाचा कपटा. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रानें १९८२ सालीं केलेला कायदाहि त्याच काळांतला. कपटा परीक्षागृहांत शिरे. मोबाईलनें प्रश्नपत्रिकाच बाहेर काढली.

हा पालट ठाणें जिल्ह्यानें जवळून पाहिला. २०१८ च्या मार्चांत मुंब्रा येथें दहावीची प्रश्नपत्रिका वेळेपूर्वीं व्हॉट्सॲपवर फिरली. कांहीं मुलें केंद्राबाहेर मोबाईलवर पत्रिका पाहून मग उशिरां आंत शिरत, म्हणून उशिरां येणाऱ्यांस मज्जाव झाला. ३ मार्च २०२३ रोजीं बारावीच्या गणिताच्या पत्रिकेचीं पानें बुलढाणें जिल्ह्यांत सिंदखेडराजा येथून तशींच पसरलीं. दोन्ही ठिकाणीं पोलिसांनीं धरलेल्यांत शिक्षक होते. मुलांच्या बेइमानीवर व्याख्यानें झोडणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

मंडळानें उपाय केले. पत्रिका पोंचविणाऱ्यानें वाटभर जीपीएस चालू ठेवावें असें ठरलें. २०२५ सालीं संवेदनशील केंद्रांवर ड्रोनहि आले. परंतु खरी किंमत दुसऱ्यानेंच दिली. पूर्वीं पत्रिका वाचण्यास लेखनाच्या आधीं दहा मिनिटें मिळत. त्याच मिनिटांत तिचें छायाचित्र बाहेर जातें, या भयानें २०२३ सालीं ती सवलत गेली. ओरड झाल्यावर तितकाच वेळ शेवटीं जोडून देण्यांत आला.

हिशेब बरोबर दिसतो. पण शहापूर-मुरबाडकडील वाड्यापाड्यांतून येणारें मूल डोळ्यांपुढें आणावें. घरीं ठाकरी वा कातकरी बोलणाऱ्या त्या मुलास पुस्तकी मराठींतील प्रश्न दोनदां वाचल्याखेरीज उमगेलच असें नाहीं. भोंवतीं सर्वांच्या लेखण्या चालूं लागल्या, कीं तेंहि घाईनें लिहूं लागतें. प्रश्न उलटा समजला हें त्यास मागाहून कळतें, आणि शेवटचीं दहा मिनिटें मग खोडण्यांतच जातात.