ओरखड्याची कुळकथा: फर्ग्युसन कॉलेज, १९४३

कारखान्यातल्या पट्ट्यावरून सरकणाऱ्या पत्र्याच्या झाकणावर ओरखडा आहे, हे कॅमेऱ्याला कसं कळतं? यंत्रदृष्टी शिकणाऱ्याला आधी थ्रेशोल्ड, कडा शोधणं, साच्याशी ताडून पाहणं हे धडे मिळतात. पुढे एक विलक्षण युक्ती येते. निर्दोष झाकणांचे भरपूर फोटो घ्यायचे, त्यांचं सरासरी चित्र काढायचं आणि त्या सरासरीपासून फोटो मुख्यतः कोणत्या दिशांनी ढळतात ते शोधायचं. मग नवं झाकण तेवढ्याच दिशांच्या मिश्रणातून पुन्हा रचायचं. निर्दोष झाकण जवळपास हुबेहूब रचलं जातं. ओरखडा रचता येत नाही, कारण नमुन्यांत तो नव्हताच. मूळ चित्रातून रचलेलं चित्र वजा केलं की तोच उरतो.

या युक्तीमागच्या गणिताला बरीच पुस्तकं कारहूनेन आणि लोएव्ह यांचं नाव देतात. या दोघांचं काम १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आलं. पण दामोदर धर्मानंद कोसंबींचा ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’ हा लेख ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’त १९४३ सालीच छापून आला होता! मराठी वाचक ज्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, ते गोव्यात जन्मलेले कोसंबी तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. एकेका आकड्याऐवजी अख्खी वक्ररेषा हाच एक नमुना मानायचा आणि अशा रेषांचा समूह परस्परांशी सहसंबंध नसलेल्या घटकांत उलगडायचा, हा त्या लेखाचा गाभा.

इथे प्रतिस्पर्धी उभे राहतात. कार्ल पिअर्सनने १९०१ मध्ये बिंदूंच्या ढगातून सर्वांत जवळची रेषा काढली होती. हॉटेलिंगने १९३३ मध्ये तिला आजचं रूप दिलं. शिवाय डिजिटल फोटो म्हणजे आकड्यांची यादीच. ६४० गुणिले ४८० चा फोटो घेतला तर आकडे ३,०७,२००. यादीच हाताळायची, तर पिअर्सन आणि हॉटेलिंग पुरेसे नाहीत का?

हिशेबापुरते पुरेसे आहेत, हे मान्य करायला हवं. पण पिक्सेलची संख्या कॅमेरा ठरवतो, झाकण नव्हे. दुप्पट बारीक कॅमेरा लावला तर यादी बदलते, तरी पत्र्यावरून परतणारा प्रकाश तसाच सलग राहतो. ढळण्याच्या दिशा त्या सलग गोष्टीच्या आहेत, यादीच्या नव्हेत, हे समजायला अख्ख्या फलनाचा विचार लागतो. कोसंबींचा हक्क तिथे आहे, आणि तो भक्कम आहे.

त्यांना हे सुचलं कुठून? सरळ उत्तर त्यांच्या भूमितीत मिळतं: १९३० च्या दशकात ते वक्रमार्गांच्या भूमितीवर लिहीतच होते. पण त्याच सुमारास ते तक्षशिलेची आहत नाणी तोलत होते. चलनात फिरून नाणं झिजतं, म्हणून वजनावरून त्याचं वय काढता येईल, हा त्यांचा तर्क. पडताळ्यासाठी त्यांनी साल ठाऊक असलेली चालू नाणीही तोलली. जुन्या सालांच्या नाण्यांची सरासरी घटलेली आणि वजनांमधला फरक वाढलेला, असं दिसलं. सारख्याच टाकसाळी मालात काळ कोणत्या रीतीने फरक पाडतो, हा तो प्रश्न. झाकणांपुढे बसलेल्या कॅमेऱ्याचाही प्रश्न याच जातीचा. भूमितीने कोसंबींना भाषा दिली आणि नाण्यांनी निकड, असा अंदाज बांधायला हरकत नसावी.

पुढचा प्रवास आडवळणाचा आहे. १९६७ मध्ये लम्लीने हेच उलगडणं वाऱ्या-पाण्यातल्या खळबळाटाच्या अभ्यासात आणलं. त्या क्षेत्रातल्या सिरोविचने कर्बीसोबत १९८७ मध्ये ते माणसांच्या चेहऱ्यांना लावलं. १९९१ मध्ये टर्क आणि पेंटलंड यांनी त्यातून चेहरे ओळखण्याची पद्धत उभी केली.

कारखान्यात मात्र या पद्धतीला प्रकाश सांभाळून द्यावा लागतो. नमुने घेताना दिवा किंवा खिडकीतला उजेड बदलत राहिला, तर फोटोंमधला सर्वांत मोठा फरक उजेडाचाच ठरतो आणि पहिली दिशा त्यालाच मिळते. झाकण थोडं सरकलं वा फिरलं तरी तीच गत. म्हणून आधी आडोसा घालून स्थिर दिवा बसवतात, झाकण जागेवर अचूक आणतात आणि मगच नमुन्यांचे फोटो काढायला घेतात.