चार मुलांचे वाचन

वाशीम येथे १९३९ साली एक ताम्रपट उजेडात आला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील राजा दुसरा विंध्यशक्ती याचा तो दानलेख. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला हा लेख. वंशावळीचा भाग संस्कृतात, आणि दानाचा प्रत्यक्ष तपशील प्राकृतात. हा भेद मोठा बोलका आहे. राजाचा गौरव पंडितांच्या भाषेत झाला तरी चालेल. पण गाव कोणाला दिले आणि कोणत्या सवलतींसह दिले, हे व्यवहारातल्या माणसाला उमगायला हवे होते.

म्हणजे बघा, आपल्या जिल्ह्यातल्या जुन्यांत जुन्या लेखांपैकी एक जो, तो गोष्ट नाही, काव्य नाही. ती माहिती आहे. अशी माहिती वाचायला आपण लहान मुलांना कसे शिकवीत आलो, ह्या प्रश्नाचा थोडा इतिहास आज पाहायचा आहे.

छापील पुस्तके येण्यापूर्वी गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे घोकायचे, मोडी लिहायचे. वाचायला काय, तर हाताने लिहिलेली पत्रे आणि हिशेबाचे कागद. गोष्टींचे पुस्तक मुलाच्या हाती क्वचितच पडे. तेव्हा खऱ्या व्यवहाराचा कागद मुलापुढे ठेवणे ही काही आजची कल्पना नव्हे. उणीव होती ती वेगळीच. मुलाला काय कळले, हे विचारण्याची तिथे रीत नव्हती. पाठ झाले की आले, असा हिशेब.

मुलांचे लहान गट करण्याची कल्पनाही आपल्याच देशातून जगभर गेली. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री १७८९ पासून मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे काम पाहत होते. देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे काढताना त्यांनी पाहिली, आणि मोठ्या मुलाने लहानांना शिकवावे अशी व्यवस्था त्यांनी आपल्या शाळेत लावली. १७९७ साली त्यांनी ती लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली. पुढे मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीने १८२० नंतरच्या काळात हीच पद्धत समुद्रापलीकडून परत आणली. एका मास्तराच्या हाताखाली शंभर मुले, आणि मध्ये काही हुशार ‘मॉनिटर’! खर्च थोडा, शिस्त फार. परंतु त्या गटात होत होते काय? मॉनिटर म्हणे, बाकीचे त्यामागून म्हणत. गट लहान होता खरा. पण ऐकणारा कोणी नव्हता.

त्याच सुमारास मराठी मुलाच्या हाती छापील पुस्तक आले. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ चे. त्यात बोधाच्या गोष्टी होत्या. पुढे १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढले आणि शास्त्रीय विषयांची माहिती मराठीत आणली. मात्र ती मोठ्यांसाठी. लहानांच्या वाट्याला बहुतेक गोष्टी आणि कविताच आल्या. गोष्टींना नावे ठेवायची नाहीत, बरं का! गोष्टीवाचून मूल वाढत नाही. पण निव्वळ गोष्टीवर वाढलेले मूल पुढे भूगोलाचा धडा काढून बसते तेव्हा बावरते. तिथे नायक नाही, ‘मग काय झाले’ नाही. तिथे चित्राखालची ओळ आहे, नकाशा आहे, तक्ता आहे. हे वाचण्याची तऱ्हाच निराळी, आणि ती कोणीतरी शिकवावी लागते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होते, आणि अकोला मध्यप्रांत-वऱ्हाडात. म्हणजे ही आपल्याच प्रांतातली घटना. तिथून निघालेल्या नयी तालीमने शिक्षणाची सांगड हाताच्या कामाशी आणि भोवतालच्या जीवनाशी घातली. टकळीवर सूत किती कातले, वाफ्यात काय उगवले, ह्याची नोंद मुलाने करावी आणि वाचावी. माहितीचे वाचन पुन्हा जीवनाला जोडले गेले. ही योजना सर्वत्र टिकली नाही. पण तिने टाकलेले पाऊल योग्य दिशेचे होते.

आता राहिले ते ऐकणे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६० नंतर शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांजवळ बसून, मूल वाचताना कुठे अडते, कुठे चुकते, चूक आपली आपण कशी सुधारते, ह्याच्या बारीक नोंदी केल्या. चूक ही शिक्षेची बाब नसून मुलाच्या विचाराची खूण आहे, हे त्यातून दिसले. चार-सहा मुलांना जवळ घेऊन, त्यांच्या ताकदीचा मजकूर देऊन वाचून घेण्याची रीत पुढे पुष्कळ देशांत रुळली. पण तिथेही माहितीचे वाचन मागेच राहिले. अमेरिकेत नेल ड्यूक यांनी पहिलीचे वीस वर्ग पाहिले आणि २००० साली निष्कर्ष मांडला, की माहितीपर मजकुराच्या वाट्याला दिवसाकाठी सरासरी ३.६ मिनिटेच येतात!

हे सारे आपल्या शाळेत कसे उतरावे? समजा, दुसरीची चार मुले गुरुजींभोवती चटईवर बसली आहेत. पुढे काळविटावरचे एक पान आहे. कारंजा-सोहोळचे अभयारण्य काळविटांसाठीच ओळखले जाते. गुरुजी आधी चित्र दाखवतात आणि विचारतात, “हे कुठं पाहिलं का रे?” मग प्रत्येक मूल आपापले हळू आवाजात वाचते, एका सुरात ओरडायचे नाही. गुरुजी एकेकाशेजारी कान देऊन बसतात. एवढ्यात एक मुलगी म्हणते, “गुरुजी, मादीले शिंगं नसतात का?” “कोणत्या ओळीवरून म्हणतेस?” ती बोट ठेवून दाखवते. झाले! त्या क्षणी ती खरी वाचक झाली. अक्षर ओळखणे संपले आणि कागदाला प्रश्न विचारणे सुरू झाले. बाकीची मुले तोवर पाटीवर काही लिहीत असतात. पंधरा मिनिटांनी दुसरा गट येतो.

आपल्या जिल्ह्याला ह्याची गरज अधिक आहे. मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. तिथल्या तांड्यांवरच्या पुष्कळ मुलांची घरची बोली गोरबोली. मराठी त्यांना शाळेत भेटते. पन्नास मुलांच्या कोरसमध्ये असे मूल ओठ हलवते आणि आपण समजतो, वाचता येते. चौघांत ते लपू शकत नाही. आणि चौघांत ते लाजतही नाही. काळविटाला तुमच्या घरी काय म्हणतात, एवढे विचारले तरी त्याचा चेहरा खुलतो.

१९९८ साली वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला. २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याचे नाव आले, आणि त्या मोजमापात शिक्षण हा एक मोठा भाग आहे. आकडे वर जातील तेव्हा जावोत. पण सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवरची सूचना, औषधाच्या बाटलीवरची मात्रा, बाजार समितीची काटापट्टी, हे कागद उद्या ह्याच मुलांच्या हातात येणार आहेत. ते ज्याला समजून वाचता येत नाहीत, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते, आणि त्याची किंमत अनेकांनी मोजली आहे.

पंतोजींकडे खरा कागद होता, बेलसाहेबांकडे लहान गट होता, नयी तालीमकडे जीवनाचा आधार होता. ह्या तिन्हींत शिक्षकाचा कान मिसळला, की काम होते. त्याला मोठी इमारत लागत नाही. एक चटई, एक पान आणि चार मुले पुरतात.