एकट्याची पेटी

संगीत ही समुदायाची कला, असें आपण सहसा गृहीत धरितों. गवई म्हटला म्हणजे तबलजी आला, पेटीवाला आला, तंबोऱ्यावर बसणारे शिष्य आले आणि समोर माना डोलविणारी मैफल आली. परंतु हा सारा परिवार दूर सारून, दार लावून, एकाच माणसानें एकाच पेटीवर आपल्या मनांतील सृष्टि उभी करावी व ती कोणा समानधर्म्याच्या हातीं द्यावी, असाहि संगीताचा एक प्रकार आहे. तो परदेशांतून आलेला दिसला, तरी त्याच्यापुढचा प्रश्न आपल्या घरीं पूर्वींच येऊन गेलेला आहे.

युरोपांत या प्रकारास ‘डंजन सिंथ’ म्हणतात. डंजन म्हणजे किल्ल्याच्या पोटांतील अंधारकोठडी; सिंथ म्हणजे सिंथेसायझर, अर्थात् विजेवर चालणारी स्वरपेटी. नॉर्वे देशांत १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत ‘ब्लॅक मेटल’ नांवाच्या कर्कश संगीताचीं मंडळें निघालीं होतीं. त्यांतलेच कांहीं तरुण एकटे बसून, साध्या पेटीवर, संथ व उदास असें वादन करूं लागले. मॉर्टिस या टोपणनांवाचा वादक त्यांत अग्रणी होता; त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९९४ मध्यें निघाली. पडके बुरूज, धुकें, विसरलेलीं राज्यें हा या वादनाचा विषय. मोठ्या कंपन्यांचा आश्रय यास क्वचितच मिळाला. घरच्या घरीं कॅसेटी भराव्या व टपालानें दूरच्या अनोळखी रसिकाकडे धाडाव्या, अशी रीत पडली. हें नांव रूढ झालें तेंहि मागाहून, २०११ च्या सुमारास, आणि तें ऐकणारांच्याच चर्चेंतून.

आमच्या जेऊरांत बसून असें वादन ऐकतांना तें आम्हांस फारसें परकें वाटत नाहीं. जेऊर हें करमाळें तालुक्यांतील आगगाडीचें गांव. करमाळ्यास रावरंभा निंबाळकरांचा किल्ला आहे, त्यापलीकडे परंड्याचा. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १६३२ मध्यें याच परंड्याहून नेलेली. तेव्हां किल्ल्यांतील काळोख ही आमच्या मुलांस केवळ पुस्तकांतली गोष्ट नव्हे. परंतु आम्हांस अधिक ओळखीची वाटते ती किल्ल्यापेक्षां पेटीच.

आपली पेटी म्हणजे हार्मोनियम हीहि परदेशची. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेन यानें १८४२ मध्यें तिचें पेटंट घेतलें. ती पायांनीं भात्यास वारा देऊन वाजवीत. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास हातभात्याची पेटी तयार केली व ती भारतीय बैठकीस सोयीची झाली. पुण्याकडून निघालेला लोहमार्ग १८५९ मध्यें जेऊरावरून बार्शी रोड, म्हणजे आतांच्या कुर्डुवाडीपर्यंत पोंचला होता. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० मध्यें रंगभूमीवर आलें, आणि पुढें संगीत नाटकांच्या मंडळ्या आगगाडीनें गांवोगांव फिरूं लागल्या. त्यांच्या सामानाबरोबर पेटीचा सूर महाराष्ट्रभर पसरला.

पण ती होती साथीची. तिनें गवयाच्या मागें बसावें, त्याचा दम संपला म्हणजे सूर धरून ठेवावा, एवढेंच तिचें काम. तिला एकटीला पुढें बसविलें गोविंदराव टेंबे यांनीं. कोल्हापूरकडचे हे कलावंत १८८१ मध्यें जन्मले. ‘मानापमाना’च्या चाली त्यांच्या, १९१३ मध्यें स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांत ते एक. ज्या वाद्यांत मींड निघत नाहीं त्यांतून गायकीचा भास उत्पन्न करण्याची विद्या त्यांनीं बहुतांशीं स्वतःच्या मेहनतीनें साधिली. तथापि ती केवळ बंद खोलींत साधली नाहीं. भास्करबुवा बखल्यांस त्यांनीं गुरु मानिलें, अल्लादियाखांसाहेबांचें गाणें वर्षानुवर्षें ऐकिलें, आणि जाणकारांच्या बैठकींत आपलें वादन पुनःपुन्हां ठेविलें.

पेटीवरील आक्षेप लटके नव्हते. तिचे बारा स्वर ठरीव. श्रुतींचे सूक्ष्म भेद तीत मावत नाहींत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमेंट्स साहेब यांनीं निराळी श्रुति-हार्मोनियम करविली, ती या उणिवेमुळेंच. पुढें १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें पेटीस आपल्या केंद्रांतून बंदी केली. ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. पण वरच्या श्रेणीच्या कलावंतांच्या साथीपुरतीच. एकट्या पेटीस त्यानंतरहि दीर्घकाळ तें दार बंद राहिलें.

मग एकल वादन जगलें कसें? पी. मधुकरांसारख्यांच्या तबकड्या लोकांनीं विकत घेऊन घरोघर वाजविल्या. दिवाणखान्यांत, क्लबांत, गणेशोत्सवांत बैठकी होत राहिल्या. सरकारी यंत्रानें नाकारलेलें वाद्य रसिकांनीं सांभाळलें. नॉर्वेच्या त्या कॅसेटींची कथाहि याहून निराळी नाहीं.

एकांतांतील कलेस एक मोठा धोका असतो. साथ असली म्हणजे तबलजीची सम गवयास जागें ठेविते. चुकला तर तो तेथल्या तेथें सांवरतो. एकट्यास सांवरणारा कोणी नसतो. आपल्याच नादांत तो त्याच त्या चार स्वरांभोंवतीं घुटमळत राहील व त्यासच गांभीर्य समजेल. या नव्या वादनांतहि हा दोष पुष्कळ आढळतो. म्हणून आपलें काम दुसऱ्यास ऐकविणें ही त्याची निव्वळ हौस किंवा जाहिरात नसते. ती त्याची गरज असते. श्रोता हाच एकट्या वादकाचा साथीदार होय.

आतां संगणकावर असें वादन खेड्यांतील मुलासहि करतां येतें. वाचकांच्या घरांतला किंवा आळींतला एखादा मुलगा उद्यां आपलें काम घेऊन संकोचानें समोर उभा राहील. त्यास ‘छान आहे’ म्हणून बोळवूं नये, किंवा ‘यांत गाणें कोठें आहे?’ म्हणून हंसूंहि नये. तें अखेरपर्यंत ऐकावें, कोठें मन लागलें व कोठें कंटाळलें तें स्पष्ट सांगावें, आणि पुढचें झालें म्हणजे घेऊन ये, असें बजावून सांगावें.