चिनी कैद्यांचा धबधबा

वैशाखांत महाबळेश्वरीं हवा पालटण्यास गेलेल्या मंडळींचा एखादा दिवस तरी धबधब्याच्या सफरींत जातो. फराळाचे डबे बांधून, हातीं काठी घेऊन, जांभळीच्या सावलींतून चालत हीं मंडळी चायनामन धबधब्यापाशीं पोंचतात आणि बहुधा हिरमुसतात. कारण पावसाळ्यांत गर्जणारा प्रवाह उन्हाळ्यांत कड्यावरून नुसता ओघळत असतो. मग कोणीतरी विचारतें, सह्याद्रीच्या या कड्यावर चिनी माणूस आला कोठून? हा प्रश्न विचारणाराची पायपीट मात्र फुकट गेली नाहीं.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८२८ मध्यें येथें आरोग्यस्थान वसविलें. पुढच्याच वर्षीं सातारच्या प्रतापसिंह महाराजांशीं तह होऊन ही जागा कंपनी सरकारकडे आली व मोबदल्यांत वाईजवळचें खंडाळा हें गांव महाराजांस मिळालें. जागा मिळाली, पण साहेब लोकांच्या थंड हवेच्या सुखासाठीं रस्ते कोणीं खणावे, त्यांच्या टेबलावर विलायती भाजी कोणीं पुरवावी? त्यासाठीं तुरुंग उभारून त्यांत चिनी व मलायी कैदी ठेवण्यांत आले.

हे कैदी समुद्रापलीकडून आले होते. पेनांग, मलाक्का व सिंगापूर हीं ठाणीं १८६७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखालीं होतीं. तेथील गुन्हेगारांना इकडे पाठवावें आणि इकडील गुन्हेगारांना तिकडे, असा हा सरकारी व्यवहार होता. हिंदु माणसास समुद्र ओलांडण्याचें म्हणजे जात जाण्याचें भय. तें भयच शिक्षेंत जमेस धरलेलें होतें. शिवाय मजूर फुकट मिळत, हा हिशेब कोणी बोलून दाखवो वा न दाखवो. सिंगापुरांतील सेंट अँड्र्यूजचें प्रार्थनामंदिर, जें १८६२ मध्यें ख्रिस्ती उपासनेस अर्पण झालें, तें हिंदी कैद्यांच्या हातांनीं उभें राहिलें. म्हणजे इकडचा माणूस तिकडे विटा रचीत होता, त्याच काळांत तिकडचा माणूस कृष्णाकोयनेच्या उगमाशीं वाफे खणीत होता. दोघांच्याहि घरीं वाट पाहणारें कोणी असेल, त्याची नोंद कोणत्याहि दप्तरीं होण्याचें कारण नव्हतें.

या कैद्यांनीं रस्ते केले, बटाटा व विलायती भाज्या पिकविल्या. धबधब्याजवळ चिन्यांच्या बागा होत्या, त्यावरून त्यास हें नांव पडलें. माल्कम, लॉडविक, एल्फिन्स्टन या अंमलदारांचीं नांवें पेठेस व कड्यांस व्यक्तिशः मिळालीं. बाग करणारांपैकीं मात्र एकाचेंहि नांव तेथें नाहीं.

१८६४ मध्यें तुरुंग मोडला. बटाट्याची व भाज्यांची लागवड पुढें चालूच राहिली. वेताच्या काठ्या व टोपल्या विणण्याचें जें कसब महाबळेश्वरच्या बाजारांत प्रसिद्ध झालें, तेंहि त्या कैद्यांपासूनच गांवांत आलें, असें जुनीं माणसें सांगत.