वापरलेल्या उंची घड्याळांची घासाघीस

वापरलेल्या महागड्या घड्याळाची किंमत विक्रेता व ग्राहक यांनी बोलणी करून ठरवण्याची रीत. रोलेक्स, पाटेक फिलिप, ओदमार पिगे, ओमेगा इत्यादी स्विस घड्याळे या बाजारात प्रामुख्याने येतात. नव्या घड्याळाला छापील किंमत असते. वापरलेल्याची किंमत त्याची अवस्था, कागदपत्रे व मागणी यांवर ठरते, आणि त्यांबाबत विक्रेत्याला सहसा ग्राहकापेक्षा जास्त ठाऊक असते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून मांडलेले विषम माहितीचे विवेचन येथेही लागू पडते : दोष कळण्याची सोय नसेल, तर ग्राहक चांगल्या वस्तूलाही कमीच भाव देतो. त्यामुळे या बाजारात नुसते ‘कमी करा’ म्हणून भागत नाही. कमी का करायचे, ते दाखवावे लागते.

भावाचा आधार. क्रोनो२४ यांसारख्या ऑनलाइन बाजारपेठांवर दिसतात त्या विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती. सौदे बहुधा त्यांच्या खाली तुटतात. लिलावाचे निकाल प्रत्यक्ष विक्रीचे असले, तरी त्यांत लिलावगृहाचे अधिमूल्य मिळवलेले असते. शिवाय मालकाच्या नावालाही मोल येते. अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेले. त्यावरून दुसऱ्या डेटोनाचा भाव काढता येत नाही. मागणीही पालटते. पाटेक फिलिपने २०२१ मध्ये पोलादी नॉटिलस ५७११ बंद केल्यावर त्याची किंमत छापील दराच्या कित्येक पट झाली. २०२२ च्या आरंभीच्या तेजीनंतर मात्र एकूण बाजार उतरला. ज्या पोलादी घड्याळांसाठी दुकानात प्रतीक्षायादी असते, त्यांत घासाघिशीला वाव थोडा. चामडी पट्ट्याच्या, कमी मागणीच्या घड्याळांत तो बराच असतो.

अवस्थेची तपासणी. वारंवार पॉलिश केल्याने कडा गोलावतात आणि पट्टा अडकवण्याचे कान बारीक व विषम होतात. घासून गेलेला धातू परत येत नाही. घड्याळ आडवे धरल्यावर धातूचा पट्टा फार लोंबला, तर कड्या झिजल्याचे समजते. तबकडी हा सर्वांत महत्त्वाचा भाग. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अनेक घड्याळांच्या खुणांवर अंधारात चमकणारा ट्रिशियमचा लेप असे. ट्रिशियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे असल्याने चाळीस वर्षांत त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून १९८० च्या सुमाराची तबकडी अंधारात लखलखत असेल, तर ती बदललेली किंवा लेप नव्याने दिलेली असण्याचा दाट संभव असतो. जुन्या घड्याळांच्या पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांना संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ असे उपहासाचे नाव आहे. अशा बदलांनी संग्राहकांच्या लेखी किंमत बरीच घटते.

सौद्याची रीत. सर्वांत खणखणीत मुद्दा दुरुस्तीच्या खर्चाचा. चालमापक यंत्रावर घड्याळाच्या तोलचक्राच्या दोलनाचा विस्तार कमी दिसला, तर घड्याळजीकडून साफसफाई व तेलपाण्याचा अंदाज लेखी घेऊन तेवढी रक्कम किमतीतून वजा मागितली जाते. मूळ खोका व हमीपत्र नसणे, कड्या कमी असणे ही वजावटीची आणखी कारणे. विक्रेताही कारण देतो : नुकतीच केलेली सर्व्हिसिंग, तिची पावती, स्वतःची हमी. जुने घड्याळ देऊन दुसरे घेताना नव्यावर दिलेली सूट जुन्याच्या भावात कापून घेतली जाऊ शकते. म्हणून दोन्ही किमती वेगवेगळ्या ठरवतात. चोरीचा माल टाळण्यासाठी अनुक्रमांक चोरीच्या घड्याळांच्या नोंदवहीत पडताळतात.

भारतातील व्यवहार. वापरलेल्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला, ठरावीक अटींवर, वस्तू व सेवा कर केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर भरता येतो. सहा लाखांना घेतलेले घड्याळ सात लाखांना विकले, तर एक लाखाच्या फरकातून कर, दुरुस्ती व दुकानाचा खर्च भागवायचा असतो. ग्राहकाला मिळणारी सूटही त्यातूनच निघते. सात लाखांचे साडेसहा मागणे म्हणजे त्याचा निम्मा फरक मागणे. दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. दहा लाखांवरील मनगटी घड्याळांच्या विक्रीवर २२ एप्रिल २०२५ पासून १ टक्का कर उगमस्थानी गोळा करण्याची तरतूद लागू झाली. तो ग्राहकाच्या आयकरात जमा धरला जातो. घासाघिशीत तो किमतीचा भाग मानत नाहीत.

सौदा ठरल्यावर मॉडेल व अनुक्रमांक, बदललेले भाग, हमीची मुदत आणि परत घेण्याच्या अटी बिलावर लिहून घेतात. हमी सोडून मिळवलेली सूट ही खरी सूट नसते. पुढील दुरुस्तीची जोखीम तेवढ्या पैशांत ग्राहकाने पत्करलेली असते.