सामाजिक शास्त्रांतील मूल्यनिरपेक्षता : मॅक्स वेबर यांच्या संशोधनाच्या संदर्भात

सामाजिक शास्त्रांतील मूल्यनिरपेक्षतेची चर्चा जर्मन विचारवंत मॅक्स वेबर (१८६४-१९२०) यांच्या १९०४ व १९१७ च्या निबंधांपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच थांबते. या निबंधांमागे एक प्रत्यक्ष पाहणी उभी आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही.

गुस्ताव श्मोलर प्रभृती प्राध्यापकांच्या ‘सामाजिक धोरण संघा’ने १८९१-९२ मध्ये जर्मनीतील शेतमजुरांच्या स्थितीची पाहणी केली. एल्बे नदीच्या पूर्वेकडील प्रांतांचे काम तरुण वेबर यांच्याकडे आले. प्रश्नावल्या पाठविण्यात आल्या त्या जमीनदारांकडे. मजुरांना कोणी काही विचारले नाही! तरीही १८९२ च्या जवळजवळ ९०० पानांच्या अहवालातील निष्कर्ष जमीनदारांना सुखावणारे नव्हते. जमिनीचा तुकडा व धान्याचा वाटा घेऊन वर्षभर राबणारा मजूर रोख मजुरीवर येत होता. जर्मन मजूर गाव सोडत होता व त्याची जागा हंगामी पोलिश मजूर घेत होते. हे स्थलांतर केवळ मजुरीसाठी नसून मालकाच्या वैयक्तिक ताबेदारीतून सुटण्यासाठी आहे, असे वेबर यांनी मांडले. पाठोपाठच्या दुसऱ्या पाहणीत माहिती धर्मोपदेशकांकडून मागविण्यात आली. तेथेही मजूर स्वतः उत्तरदाता नव्हताच.

१८९५ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठातील प्रारंभिक व्याख्यानात हीच तथ्ये राष्ट्रवादाच्या सेवेस लागली. पूर्वसीमा पोलिश मजुरांना बंद करावी, जर्मन राज्याच्या आर्थिक धोरणाचा निकष जर्मनच असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. पोलिश शेतकऱ्यांविषयी तेथे वापरलेली भाषा आज वाचवत नाही. परंतु हा निकष अर्थशास्त्राने सिद्ध केला आहे, असा आव वेबर यांनी आणला नाही. आपली भूमिका त्यांनी उघडपणे भूमिका म्हणूनच मांडली. १९०४ च्या निबंधातील भेद येथे बीजरूपाने दिसतो : संशोधनाचा विषय मूल्यांच्या आधारे निवडला जातो, पण मूल्यनिर्णय तथ्यांतून निष्पन्न होत नाही.

१९०९ च्या व्हिएन्ना अधिवेशनात ‘उत्पादकता’ या संकल्पनेवरून वाद पेटला. शास्त्रीय वाटणाऱ्या शब्दाआडून मूल्यनिर्णय दामटले जातात, हा वेबर यांचा आक्षेप होता. तो निव्वळ तात्त्विक नव्हता. समाजवादी पक्षाचे सदस्यत्व रॉबर्ट मिशेल्स यांच्या जर्मन विद्यापीठांतील प्रवेशाच्या आड आले आणि त्यांना १९०७ मध्ये इटलीतील तोरिनो येथे जावे लागले. वेबर यांनी वृत्तपत्रातून त्याचा जाहीर निषेध केला. राजनिष्ठ प्राध्यापकाचे मत ‘शास्त्र’ आणि विरोधकाचे मत ‘राजकारण’ ठरत असेल, तर ती निरपेक्षता सत्तेची सोय ठरते.

जानेवारी १९१४ मध्ये संघाने बर्लिन येथे या प्रश्नावर चर्चा घडविली, पण बंद दाराआड. वेबर यांचे त्यासाठीचे टिपण सुधारित रूपात १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अराज्यवादी मनुष्यही कायद्याचा उत्तम अभ्यासक असू शकतो, असे त्यात म्हटले आहे. कारण इतरांना जे स्वयंसिद्ध वाटते, त्याच्या बाहेर तो उभा असतो.