सनद मिळाली, पुढे काय? वाशीमच्या वकिलांचा न संपणारा अभ्यास

१ जुलै २०२४. एका रात्रीत देशभरातील फौजदारी न्यायालयांत कलमांचे आकडे बदलले. खुनाचे ३०२ आता १०३ झाले आणि म्हणीसारखे तोंडी रुळलेले ४२० थेट ३१८ मध्ये जाऊन बसले. तीस-तीस वर्षे वकिली केलेल्यांनाही पुन्हा पुस्तक उघडावे लागले. योगायोग असा की वाशीम जिल्ह्याचा जन्मदिवसही १ जुलैच, साल १९९८. पायाखालचा कायदा बदलण्याचा अनुभव मात्र या भूमीला जिल्हानिर्मितीच्या कितीतरी आधीपासून आहे. हा धागा त्या अनुभवाचा, आणि सनद हाती आल्यानंतर वकिलाला शिकवायचे कोणी, या प्रश्नाचा.

इंग्रजी दप्तरात 'बासीम' म्हणून नोंदलेला हा मुलूख १८५३ च्या तहाने उर्वरित वऱ्हाडाबरोबर निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आला. ताबा आला, मालकी आली नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा मिळवला, तरी सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचेच राहिले. अभ्यासकांना ही राजकीय गंमत वाटेल. वकिलासाठी ती रोजची डोकेदुखी होती. ब्रिटिश हिंदुस्थानसाठी झालेला कायदा नागपूरला आपोआप लागू होई. वाशीमला होत नसे. वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भागच नसल्यामुळे तेथे तो कायदा लागू करण्यासाठी वेगळा हुकूम निघावा लागे, आणि त्या हुकुमात फेरफारही असत. म्हणून वऱ्हाडी वकिलाचा पहिला प्रश्न 'कायदा काय म्हणतो' हा नसे. 'हा कायदा आपल्याकडे आला आहे का' हा असे. हा गुंता इतका वाढला की १९४१ साली 'बेरार लॉज अॅक्ट' नावाचा स्वतंत्र कायदा करून अनेक कायदे एकगठ्ठा वऱ्हाडला लागू करावे लागले.

हिंदू कायद्यातही हेच. मध्य प्रांताच्या हिंदी भागात बनारस परंपरा चाले, तर वऱ्हाडात महाराष्ट्राची. बनारस परंपरेत विधवेला दत्तक घ्यायचा तर नवऱ्याची स्पष्ट परवानगी लागे. महाराष्ट्राच्या परंपरेत ती नसली तरी चाले. दोन्हीकडची अपिले मात्र नागपूरलाच जात. जबलपूरच्या खटल्यातील निकाल वाशीमच्या विधवेविरुद्ध वाचून दाखवला गेला, आणि तो येथे गैरलागू आहे हे तिच्या वकिलाला ठाऊक नसले, तर दत्तकपुत्र आणि वाडा दोन्ही जायचे.

शासनाच्या सीमाही स्थिर नव्हत्या. १९०५ साली वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले, त्यात बासीम जिल्हा मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्यात गेले, पुसद यवतमाळात. १९३६ च्या जानेवारीत ज्युडिशियल कमिशनरच्या जागी नागपूरचे उच्च न्यायालय आले. १९५० ला संविधान लागू झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. १९६० ला महाराष्ट्र. म्हणजे १९३५ साली वाशीमात सनद लावलेला तरुण निवृत्तीच्या वयाला पोचेपर्यंत तीन राज्यव्यवस्था पाहून चुकलेला असे, आणि त्याने घर मात्र बदललेले नसे.

या माणसाला नवे शिकवणारी संस्था कोणती होती? उत्तर थोडे निराश करणारे आहे: कोणतीच नाही. महाराष्ट्रात कायद्याचे शिक्षण देण्याचे मोठे प्रयत्न झाले, पण ते सनदेच्या अलीकडचे. लोकमान्य टिळकांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी खासगी वर्ग चालवला, पुढे न. चिं. केळकर तेथे शिकवू लागले. १९२३ साली पुण्यात इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली आणि ज. र. घारपुरे यांच्या नेतृत्वाखाली पुढच्याच वर्षी तिचे विधी महाविद्यालय उभे राहिले. हे सारे वकील घडवण्यासाठी. घडलेल्या वकिलाला ताजे ठेवण्याचा विचार त्या काळी जगातही नवाच होता. न्यूयॉर्कमध्ये हॅरोल्ड सेलिग्सन याने १९३३ साली प्रॅक्टिसिंग लॉ इन्स्टिट्यूट सुरू केली, ती मंदीच्या काळात धडपडणाऱ्या नव्या वकिलांना प्रत्यक्ष कामाचे धडे द्यायला. १९४७ मध्ये अमेरिकेतील वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटला जोडीला घेऊन या कामासाठी संयुक्त समिती नेमली. आपल्याकडे त्या साली फाळणी चालू होती.

वऱ्हाडच्या वकिलाचा खरा गुरू टपालाने येई. मुंबईचे 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' १८९९ पासून निघत होते, आणि जवळचे म्हणजे चितळ्यांचे नागपूरचे 'ऑल इंडिया रिपोर्टर'. देशभरातील न्यायालयांत आजही ज्या 'ए.आय.आर.' चा दाखला दिला जातो ते विदर्भातून निघाले, याचा अभिमान विदर्भाने जरा मोठ्या आवाजात बाळगायला हरकत नाही. पण अहवाल विकत घ्यावे लागत. ज्याच्या कपाटात खंड, त्याच्या तोंडी ताजा निकाल. बाकीच्यांनी ज्येष्ठाच्या घरी जाऊन उतरवून घ्यायचे किंवा बार रूममधल्या चहाबरोबर ऐकायचे. प्रतिस्पर्धीही तेथेच बसलेला असे, हे लक्षात ठेवले म्हणजे या शिक्षणाची मर्यादा कळते.

संघटना उभारण्यात अडचण कायद्याचीच होती. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अॅक्टने प्लीडर, मुखत्यार असे थर पाडले होते. १९२६ च्या इंडियन बार कौन्सिल्स अॅक्टने बार कौन्सिले आणली खरी, पण ती उच्च न्यायालयांच्या अॅडव्होकेटांपुरती. तालुक्याच्या न्यायालयात उभा राहणारा प्लीडर बाहेरच राहिला. न्या. सु. रं. दास यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय बार समितीने १९५३ साली एकसंध वकीलवर्गाची शिफारस केली, आणि १९६१ चा अधिवक्ता अधिनियम त्यातून आला. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष मो. चि. सेटलवाड. आता वाशीमचा वकील आणि मुंबईचा वकील कायद्याने एकाच यादीत होते.

कायद्याने, ज्ञानाने नव्हे. त्याच वर्षीचे एक उदाहरण पुरेसे आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्यानुसार कृषकदिन १ एप्रिल १९५७ हा होता. त्या दिवशी कूळ जमिनीचा मालक मानला गेला. विदर्भासाठी मात्र वेगळा कायदा १९५८ साली झाला, आणि त्यात मालकी हस्तांतराची तारीख १ एप्रिल १९६१ होती. दोन्ही कायद्यांच्या नावात 'मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन' हे शब्द. कंसात फक्त 'विदर्भ प्रदेश'. मुंबई-पुण्याचे भाष्य उघडून वाशीमचा दावा चालवणाऱ्याच्या हातून तारीख, कलम, मुदत सारेच चुकायचे. शिवाय कूळ आहे की नाही हा मुद्दा दिवाणी न्यायालयाने ठरवायचा नव्हता, तो महसुली अधिकाऱ्याकडे पाठवायचा होता. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्या कुळाला आयुष्यात एकदाच मिळणारी ही संधी. चुकीच्या दारात वर्षे गेली तर नुकसान वकिलाच्या खात्यावर पडत नसे, कुळाच्या सातबाऱ्यावर पडे. हे बदल पचतात न पचतात तोच १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली आणि विदर्भात तोवर लागू असलेली जुनी महसुली संहिता गेली.

१९७३ च्या दुरुस्तीत या कथेतला सर्वांत विचित्र क्षण आहे. अधिवक्ता अधिनियमात तेव्हा राज्य बार कौन्सिलांच्या कर्तव्यांत एक नवे काम घातले गेले: परिसंवाद भरवणे, नामवंत विधिज्ञांची व्याख्याने ठेवणे, नियतकालिके काढणे. वकिलांचे निरंतर शिक्षण म्हणतात ते हेच, कायद्याच्या भाषेत प्रथमच. आणि त्याच दुरुस्तीने सनदेपूर्वीच्या प्रशिक्षणाची सक्ती काढून टाकली! एका हाताने खिडकी उघडली, दुसऱ्याने दार लावले. १९७४ साली बार कौन्सिल ऑफ इंडिया ट्रस्ट स्थापन झाला आणि कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा हे त्याचे कार्यक्षेत्र ठरले. बंगळुरूचे राष्ट्रीय विधी विद्यालय बार कौन्सिलच्याच पुढाकाराने ऐंशीच्या दशकात उभे राहिले. त्याची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. जिल्ह्याच्या बारमधल्या चाळिशीतल्या वकिलापर्यंत मात्र व्याख्यानापलीकडे फारसे काही आले नाही.

याच सुमारास, १९७५ मध्ये, अमेरिकेच्या मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी वकिलांना ठरावीक तासांचे शिक्षण सक्तीचे केले. भारतात बार कौन्सिलने १९९५ साली किमान नवोदितांचे प्रशिक्षण परत आणायचा प्रयत्न केला. ते नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. सुदीर खटल्यात रद्द केले, कारण मूळ कायद्यात तशी सत्ताच उरली नव्हती. अखिल भारतीय बार परीक्षा २०१० मध्ये जाहीर झाली, पण तीही वकिली सुरू करण्यापुरती. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी नूतनीकरणासाठी श्रेयांक गोळा करावे लागतात. वकिलाची सनद आयुष्यभर टिकते, त्याने शेवटचे पुस्तक कधीही मिटलेले असो.

१९९८ च्या जुलैत वाशीम जिल्हा झाला आणि त्याच महिन्यात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची शासकीय अधिसूचना निघाली. इंग्रजीत शिकलेला कायदा मराठीत मांडायचा, हा आणखी एक अभ्यास. निजामाच्या काळातले फारसी कागद आणि मोडी दस्त वाचणारी पिढी तोवर मागे पडली होती. वाशीम ऊर्फ वत्सगुल्म येथील वाकाटक राजा विंध्यशक्ती द्वितीय याच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आणि जमीनदानाचा तपशील प्राकृतात आहे. म्हणजे जमिनीच्या कागदाला दोन भाषा लागणे या गावाला दीड हजार वर्षांपासून सवयीचे.

आणि २०२४ चा बदलही सरळ नाही. भारतीय दंड संहितेची ५११ कलमे भारतीय न्याय संहितेत ३५८ झाली, पण जुनी संहिता कपाटात गेलेली नाही. ३० जूनला घडलेला गुन्हा जुन्या संहितेने चालतो, १ जुलैला घडलेला नव्या. वर्षानुवर्षे एकाच न्यायालयात, एकाच दुपारी, एकाच वकिलाला एका फाइलसाठी ३०२ म्हणायचे आहे आणि पुढच्या फाइलसाठी १०३.